विचार खरा की खोटा हे नंतर; आधी तो तुम्हाला काय करायला लावतो ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वरिष्ठांनी 'उद्या जरा भेट' एवढंच म्हटलं की तुमची रात्र जाते. आपलं काय चुकलं याची उजळणी आणि उद्या काय ऐकून घ्यावं लागेल याच्या तालमी, पहाटेपर्यंत. 'सकारात्मक विचार कर' असं सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही ते मनापासून करून पाहिलं आणि उलट जास्त थकलात. आता विचारताय की हे विचार असेच का येतात, त्यांची काही पद्धत समजून घेता येते का, काय केलं तर बरं वाटेल आणि गोळ्या घ्याव्याच लागतील का.

मी 22 वर्षं चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. पहिल्यांदा भेटायला येणारी बरीच माणसं विचारांशी भांडून दमलेली असतात. म्हणून आधी हे सांगते की सकारात्मक विचार जमले नाहीत यात तुमचा काहीही दोष नाही. 'माझी नोकरी जाणार' यावर 'सगळं छान होणार' असं कितीही म्हटलं, तरी मनाला ते पटत नाही, कारण त्याला पुरावा दिलेला नसतो. मग मन उलटतपासणी सुरू करतं, तुम्ही पुन्हा समजूत घालता, ते पुन्हा शंका काढतं. थकवा येतो तो या ओढाताणीचा.

विचार दाबून टाकण्याचंही तेच होतं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असं सांगितलं. घंट्या वाजतच राहिल्या. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नंतर त्याच लोकांना 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात ते अस्वल जास्त वेळा आलं. 'हा विचार येता कामा नये' असं ठरवलं की तो आलाय का हे सारखं तपासावं लागतं, आणि तपासायचं म्हणजे तो आठवावा लागतो.

मग करायचं काय? आधी विचार नुसता पकडायला शिकायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

अॅरन बेक या मनोविकारतज्ज्ञांना 1960 च्या आसपास एक गोष्ट लक्षात आली. रुग्ण समोर बसून मोठ्याने काही सांगत असतो, तेव्हा त्याच्या मनात विचारांचा दुसरा एक प्रवाह चालू असतो, आणि तो रुग्ण बोलून दाखवत नाही. त्यांची एक रुग्ण स्वतःच्या आयुष्यातल्या खासगी गोष्टी सांगत होती आणि अस्वस्थ दिसत होती. विषयच अवघड म्हणून असं होत असेल, असं कुणालाही वाटलं असतं. विचारल्यावर कळलं की बोलत असताना तिच्या मनात चाललं होतं, 'मी यांना कंटाळा आणतेय.' अशा विचारांना त्यांनी आपोआप येणारे विचार म्हटलं. ते क्षणात येतात, अर्ध्या वाक्याचे असतात, कधी नुसतं चित्र असतं, आणि इतके सवयीचे असतात की तो विचार आहे हेच कळत नाही. ते खरंच आहे असं वाटतं.

इथे आपली भाषा थोडी गोंधळात टाकते. 'मला भीती वाटते' आणि 'मला वाटतं ते मला काढून टाकतील' या दोन्हींत आपण 'वाटणं' हे एकच क्रियापद वापरतो. पहिलं वाक्य भावनेबद्दल आहे, त्यावर वाद होऊ शकत नाही. भीती वाटते म्हणजे वाटते. दुसरं मात्र अंदाज आहे. तो बरोबर असेल किंवा चूक, पण तपासता येईल. पुढच्या वेळी 'मला असं वाटतं' हे शब्द मनात आले की पुढे काय येतंय ते बघा. एका शब्दात सांगता आलं, म्हणजे भीती, राग, लाज, दुःख यांपैकी काही असलं, तर ती भावना आहे. पूर्ण वाक्य लागलं तर तो विचार आहे. माझ्याकडे येणाऱ्या माणसांना एवढं वेगळं करता आलं की निम्मा गुंता सुटतो.

आता एक वही दाखवते. ती एका हिशेबनिसाची आहे. त्यांच्या परवानगीने सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. मी त्यांना सांगितलं होतं, पोटात गोळा आला की त्याच दिवशी चार गोष्टी लिहायच्या: काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, शरीरात काय झालं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. पहिलं पान असं होतं.

'मंगळवार, सकाळी 10:40. मी आकडे सांगत होतो, समोरच्याने फोन बघितला. मनात: माझं बोलणं कुणाला ऐकावंसं वाटत नाही. कान गरम, घसा कोरडा. नंतर: उरलेल्या बैठकीत गप्प बसलो.'

असे सहा दिवस. आठवड्याने भेटलो तेव्हा मी काहीच समजावून सांगितलं नाही. वही त्यांच्याकडे दिली आणि फक्त शेवटची ओळ मोठ्याने वाचा म्हटलं. गप्प बसलो. जेवायला एकटा गेलो. मुद्दा होता पण मेल केला नाही. गप्प बसलो. फोन उचलला नाही. गप्प बसलो. तिसऱ्यांदा 'गप्प बसलो' वाचताना ते थांबले आणि म्हणाले, 'मॅडम, मी बोललोच नाही तर कुणी ऐकणार तरी कसं?'

तुम्हाला मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. विचार खरा की खोटा यावर डोकं लढवण्याआधी तो तुमच्याकडून काय करून घेतो ते बघा. विचाराने भीती आली, भीतीने शरीर आक्रसलं, आक्रसलेलं माणूस मागे सरलं, आणि मागे सरल्यामुळे विचार खोटा ठरायची संधीच मिळाली नाही. हे चक्र तसंच फिरत राहतं. चक्र कुठूनही तोडता येतं. पण विचाराच्या बाजूने तोडणं अवघड असतं आणि कृतीच्या बाजूने त्या मानाने सोपं, कारण हातपाय आपल्या ताब्यात मनापेक्षा जास्त असतात.

त्यांना मी पुढच्या बैठकीत फक्त एक प्रश्न विचारायला सांगितलं, आणि जाण्याआधी काय होईल याचा अंदाज लिहायला लावला. त्यांनी लिहिलं, 'कुणी उत्तर देणार नाही, विषय बदलतील.' घडलं ते असं: दोघांनी उत्तर दिलं, एकाने उलट प्रश्न विचारला, आणि तो फोनवाला पुन्हा फोन बघत होता. पण या वेळी त्यांनी नीट पाहिलं, तर तो प्रत्येकाच्या बोलण्याच्या वेळी फोन बघत होता. हे सत्य आधीही समोरच होतं. ते दिसण्यासाठी मान वर करावी लागणार होती.

विचारांच्या ठरावीक वळणांना आता नावं आहेत. ती पाठ करायची गरज नाही. त्यातली आपली दोन किंवा तीन कोणती एवढं ओळखलं तरी पुरे. तुमच्या पत्रात मला मनकवडेपणा दिसतो, म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय आहे ते न विचारता ठरवून टाकणं. त्याला लागूनच भविष्य वर्तवणं येतं, आणि एका शब्दावरून शेवटापर्यंत पोहोचणं, ज्याला आपण सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतो. तुमच्या बाबतीत स्वर्गाऐवजी नरक. सगळं किंवा काहीच नाही अशी मोजणी, चांगलं झालं ते 'नशिबाने' आणि वाईट झालं ते 'माझ्यामुळे' अशी वाटणी, एका चुकीवरून स्वतःला 'बिनकामाचा' असा शिक्का मारणं, हीही नेहमीची वळणं. आणि भावनेलाच पुरावा मानणं: इतकी भीती वाटतेय म्हणजे काहीतरी वाईट होणारच.

त्या शेवटच्या शब्दातल्या 'च'कडे मात्र लक्ष द्या. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, जिला मराठीत विवेकनिष्ठ म्हणतात, तिचा भर माणसाच्या मनातल्या हट्टी मागण्यांवर आहे. मराठीत हा सगळा हट्ट एका अक्षरात मावतो. 'माझं काम चांगलं व्हावं' ही इच्छा आहे. 'माझं काम चांगलं झालंच पाहिजे' हा हुकूम आहे. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, हुकूम मोडला तर आभाळ कोसळतं. तुमच्याच पत्रात मी असे सात 'च' मोजले: त्यांना माझं काम आवडलंच पाहिजे, माझी चूक व्हायलाच नको, मला शांत राहता आलंच पाहिजे. एकेका वाक्यातला 'च' काढून ते पुन्हा मोठ्याने म्हणून बघा. अपेक्षा तीच राहते, पण छातीवरचा भार किती हलतो ते तुम्हीच अनुभवा. शेवटच्या वाक्याचं तर हे जास्तच खरं आहे. शांत राहण्याची सक्ती हे अशांत होण्याचं मोठं कारण असतं.

रात्रीच्या त्या उजळणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमची खरी शक्ती तिथे खर्च होतेय. तुम्हाला वाटतं की मी विचार करतोय, म्हणजे प्रश्न सोडवतोय. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, त्याच्या आधी योगायोगाने सुझन नोलेन-होक्सेमा यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना मनःस्थिती बिघडल्यावर ते काय करतात हे विचारून ठेवलेलं होतं. भूकंपानंतर 10 दिवसांनी आणि पुन्हा 7 आठवड्यांनी पाहिलं, तर ज्यांना आपल्या दुःखावर तेच तेच घोळवत बसायची सवय आधीपासून होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. भूकंप सगळ्यांसाठी तोच होता.

प्रश्न सोडवणं आणि घोळवणं यांतला फरक ओळखायला मी एक खूण सांगते. पंधरा मिनिटांनी तुमच्या हातात उद्या करण्याजोगी एखादी गोष्ट आली का? आली असेल तर तो विचार होता. नुसते 'मीच का' आणि 'असं का' हेच प्रश्न फिरत असतील तर ते घोळवणं आहे. त्याला उत्तर देऊन ते थांबत नाही, कारण त्या प्रश्नांना तळच नसतो. 'का' ऐवजी 'कसं' आणि 'पुढे काय' विचारायचं. 'ते मला का बोलावतायत' याचं उत्तर रात्री दोन वाजता मिळणार नाही. 'उद्या जाताना कोणते कागद सोबत न्यायचे' याचं मिळतं.

यासाठी थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये तपासलेला उपाय मी आजही रोज वापरायला सांगते. काळजीला वेळ नेमून द्या. रोज ठरलेली अर्धा तास वेळ, ठरलेली जागा, झोपण्याची खोली नको आणि झोपेच्या अगदी आधीची वेळ नको. दिवसभरात काळजी आली की तिला 'येऊ नकोस' म्हणायचं नाही. एका ओळीत लिहून ठेवायची आणि 'साडेसहाला बघतो' म्हणायचं. साडेसहाला मात्र खरंच बसायचं. ही वेळ पाळली नाहीत तर मन तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि मग उपाय चालत नाही. बऱ्याच जणांना आढळतं की सकाळची काळजी संध्याकाळपर्यंत शिळी झालेली असते. अंथरुणात वीस मिनिटं झोप आली नाही असा अंदाज झाला तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काहीतरी साधं करा, डोळे मिटायला लागले की परत या. घड्याळ बघू नका. अंथरूण ही काळजी करण्याची जागा आहे, हे मन फार लवकर शिकतं.

ताण पेलण्याच्या उपायांची यादी मी सहसा देत नाही. यादीतला कोणता उपाय कधी, हे न कळल्यामुळे लोक धडधडत्या छातीने वही लिहायला बसतात आणि ज्या अडचणीवर फोन करून तोडगा निघेल तिथे ध्यान करत बसतात. लाझारस आणि फोकमन यांनी 1984 मध्ये याची सरळ विभागणी मांडली. परिस्थिती बदलता येण्याजोगी असेल तर परिस्थितीवर काम करा, नसेल तर आपल्या भावनेला सांभाळा. मी त्याच्या आधी एक पायरी जोडते: शरीर उसळलेलं असेल तर दोन्ही थांबवून आधी शरीर.

शरीर उसळलं म्हणजे छाती धडधडणं, हात गार पडणं, श्वास वर अडकणं. त्या वेळी युक्तिवाद कामाला येत नाही. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं. बाहेर सोडायचा श्वास लांब हवा, कारण त्या वेळी हृदयाची गती आपोआप मंदावते. मोठमोठे श्वास घेऊ नका, त्याने चक्कर येते आणि भीती वाढते. तळपाय जमिनीवर दाबा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मनात घ्या. आणि जे वाटतंय त्याला एका शब्दात नाव द्या: 'ही लाज आहे.' भावनेला शब्द दिला की मेंदूतला भीतीशी निगडित भाग, ज्याला अमिग्डला म्हणतात, कमी उत्तेजित होतो असं 2007 मधल्या एका मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात दिसलं आहे. छातीत दुखणं किंवा धडधड पहिल्यांदाच होत असेल तर मात्र ती मनाची आहे असं स्वतःच ठरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

शरीर निवलं की मग विचारा, यात माझ्या हातात काही आहे का? तुमच्या बाबतीत आहे. 'उद्या भेट' म्हणाल्यावर 'हो सर, कशाबद्दल आहे? तयारी करून येतो' असं विचारता येतं. हे वाक्य तुम्ही वर्षानुवर्षं गिळलंय, असं मला पत्रावरून जाणवलं. पहिल्यांदा विचारताना आवाज कापेल. कापू द्या.

मन अगदीच खचलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर उमेद येण्याची वाट बघू नका. नैराश्यात क्रम उलटा असतो, आधी करायचं आणि मग वाटायला लागतं. नील जेकबसन यांच्या गटाने 1996 मध्ये विचार बदलण्याचा पूर्ण उपचार आणि त्यातला फक्त कृती वाढवण्याचा भाग यांची तुलना केली. फक्त कृतीचा भागही तितकाच उपयोगी ठरला. म्हणून दहा मिनिटं चालणं, अंघोळ, एका माणसाला फोन, एवढ्या लहान गोष्टी वेळ ठरवून करा आणि झाल्यावर लिहून ठेवा.

एका गोष्टीबद्दल सावध करते. सतत कुणाकडून तरी 'काही होणार नाही ना?' असं वदवून घेणं हाही उपाय वाटतो, आणि तासभर बरं वाटतंही. पण तो तास संपला की पुन्हा विचारावं लागतं. तुमच्या पत्नी रोज रात्री तुमची समजूत घालतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा की समजूत नको, शेजारी बसा. त्यांनाही हलकं वाटेल.

आणि हेही तितक्याच गांभीर्याने सांगते: प्रत्येक त्रास विचारांच्या वळणातून येत नाही. वरिष्ठ खरोखरच चारचौघांत अपमान करत असतील, घरी मारहाण होत असेल, कर्जाचा तगादा असेल, तर 'तुझे विचार बदल' असं कुणी म्हणणं अन्याय आहे. तिथे परिस्थिती बदलायला मदत लागते. वहीचा उपयोग तिथेही होतो, कारण काय घडलं आणि मला काय वाटलं हे वेगळं लिहिलेलं असलं की अन्यायही स्पष्ट दिसतो. कुणी जवळचं गेलं असेल तर ते दुःख दुरुस्त करायचा विचार करू नका. त्याला वेळ आणि माणसं लागतात.

आता गोळ्यांबद्दल. सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल किंवा कशातच रस नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, काम होत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर वाट बघू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा, तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला फोन करा किंवा रुग्णालयात जा. ते विचार बोलून दाखवल्याने वाढत नाहीत. गोळ्या द्यायच्या की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतील, आणि सौम्य त्रासात पुष्कळदा बोलण्याचा उपचार पुरतो. गोळ्या दिल्याच तर त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठ दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून एकदम बंद करू नका. मी अशी कितीतरी माणसं पाहिली आहेत की ज्यांना गोळीने झोप लागायला लागली आणि तेव्हा कुठे वही लिहिण्याइतकं बळ आलं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती वही सोबत न्या. 'कसं वाटतंय?' याला समोर बसल्यावर उत्तर सुचत नाही, बहुतेक जण 'ठीक' म्हणतात. वहीत ते तारखेनिशी लिहिलेलं असतं.